मिलिंद : एका यवन नांवाची कथा

गिरगांवच्या एखाद्या चाळींत सायंकाळीं कोणी ‘मिलिंद’ अशी हांक मारली, तर ऐकणाराला ग्रीस देशाची आठवण होत नाहीं. संस्कृत काव्यांत मिलिंद म्हणजे भ्रमर; अरविंद, मकरंद यांच्या पंक्तीला शोभणारें हें नांव पुष्कळ घरांनीं त्याच अर्थानें ठेविलें. परंतु दादर-परळकडील अनेक घरांत त्याच नांवानें एका यवन राजाचें स्मरण होतें.

हा राजा मेनांद्रॉस होय. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत तो वायव्य हिंदुस्थानांत राज्य करीत होता. ग्रीक भाषेंत ‘मेनो’ म्हणजे टिकून राहणें, आणि ‘अँद्रॉस’ हें पुरुषवाचक शब्दाचें रूप. म्हणून ‘ठाम उभा राहणारा पुरुष’ असा या नांवाचा अर्थ लावितात. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरें आहेत, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपींत ‘मेनंद्र’. पाली भाषेनें त्याचाच ‘मिलिंद’ केला.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत राजा भिक्षु नागसेनास प्रथम त्याचें नांवच विचारतो. नागसेन म्हणतो, नांव ही केवळ व्यवहाराची खूण आहे. चाक, आंस, जूं यांपैकीं एकहि रथ नव्हे, तरी त्या सर्वांच्या योगानें ‘रथ’ हा शब्द चालतो. पुढें तो अट घालतो : वाद पंडितांप्रमाणें व्हावा, राजांप्रमाणें नव्हे, कारण पंडित हरला तरी रागावत नाहीं, राजा मात्र विरोध करणाऱ्यास दंड करितो. मिलिंद ती अट मान्य करितो.

पराभव पत्करण्याची तयारी ठेवणाऱ्या या राजाचें नांव विसाव्या शतकांत महाराष्ट्रांत पुन्हा उजळलें. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय काढलें. १९५० सालीं तिनें तेव्हांच्या औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयास पुढें मिलिंदाचें नांव मिळालें. त्याच्या परिसरास नागसेनवन म्हणतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध कुटुंबांनीं आपल्या मुलांचें नांव मिलिंद ठेविलें.

शूद्राचें नांव निंदाव्यंजक असावें, असें मनुस्मृति सांगते. नांव ही केवळ खूण, हें नागसेनाचें म्हणणें खरेंच. परंतु ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या हीन खूण लादली गेली, त्यांनीं आपली खूण आपण निवडावी, ही लहान गोष्ट नव्हती.