गाडीची स्क्रीन मोबाईल धरत नाही? आधी वायर बदलून बघा

मोबाईल गाडीला जोडला, चार्जिंग सुरू झालं, पण स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले काही येत नाही. अशा वेळी दुकानात गेलं की 'सिस्टीमच बदला' असा सल्लाही मिळतो. तो खर्च हजारांत जातो, आणि दोष पुष्कळदा वायरीत निघतो.

यूएसबी वायरीत वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या, माहिती नेणाऱ्या वेगळ्या. स्वस्तातल्या काही वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. म्हणून चार्जिंग होतंय म्हणजे वायर ठीक, हा हिशेब चुकतो. मोबाईलसोबत आलेली वायर वापरावी. विकत घ्यायची तर 'डेटा केबल' सांगूनच घ्यावी, आणि मीटरभरापेक्षा लांब नको. खात्री करायची असेल तर त्याच वायरीने मोबाईल कॉम्प्युटरला जोडावा. मोबाईलमधले फोटो तिथे उघडले की वायर निर्दोष.

गाडीत दोन सॉकेट असतील तर त्यातलं एखादं नुसतं चार्जिंगचं असू शकतं. दुसऱ्यात लावून बघावं. मोबाईलच्या सॉकेटमध्ये खिशातला धुरळा साचतो, वायर पूर्ण आत बसत नाही. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच साफ करावं. टाचणी, सुई नको.

एवढं करूनही जमलं नाही तर जुनी ओळख पुसावी. इथे बरेचजण फसतात, कारण मोबाईलमधून गाडीचं नाव काढतात, पण गाडीच्या यादीत मोबाईल तसाच राहतो. दोन्हीकडून काढून नव्याने जोडावं. त्या वेळी मोबाईलचं लॉक उघडं ठेवावं आणि विचारलेल्या परवानग्या द्याव्यात. अँड्रॉइड १० पासून पुढे अँड्रॉइड ऑटो मोबाईलमध्येच असतं, वेगळं उतरवावं लागत नाही. आयफोनवर कारप्लेसाठी सिरी चालू लागते.

बिनवायरीच्या जोडणीत ब्लूटूथ ओळख पटवतं, नकाशा आणि गाणी वाय-फायवरून जातात. मोबाईलचं वाय-फाय बंद असेल तर जोडणी होणारच नाही. व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून बघावं. आणि ब्लूटूथवर गाणी वाजतात म्हणून ती गाडी बिनवायरीच्या अँड्रॉइड ऑटोची, असं नव्हे.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना नकाशा मध्येच कोरा पडला तर लगेच गाडीला दोष देऊ नये. साठवलेली गाणी स्क्रीनवरून वाजतायत ना? मग जोडणी शाबूत आहे, गेली आहे ती रेंज. निघण्याआधी घरच्या वाय-फायवर गूगल मॅप्सचा त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावा.

शेवटी, त्याच वायरीने घरातला दुसरा मोबाईल लावावा. तो चालला तर दोष पहिल्या मोबाईलचा. तोही चालला नाही तर सिस्टीम एकदा बंद-चालू करावी. बऱ्याच गाड्यांत पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ती नव्याने सुरू होते. त्यानंतरही स्क्रीन ढिम्म राहिली, तरच मेकॅनिक.