कातडी कमावणारे हात

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादच्या पश्चिमेला, शेजारच्याच तालुक्यात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बिज्जल राजाच्या राजवटीत बसवेश्वरांभोवती जे शरण, म्हणजे अनुयायी, जमले त्यांत कातडी कमावणारे कक्कय्या होते आणि जोडे शिवणारे हरळय्याही होते. हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरस या मूळच्या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचे लग्न झाले, त्यापायी दोघाही बापांना देहदंड झाला, कल्याणात रक्त सांडले आणि शरण पांगले. कक्कय्या लढत लढत आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कक्केरीला पोचले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचा ढोर समाज त्यांना आजही आपला मूळपुरुष मानतो. हा समतेचा इतिहास आहेच. पण कायकाला, म्हणजे श्रमाला, प्रतिष्ठा मिळाली तरी चुन्याचे कुंड होते तसेच राहिले आणि त्यात बुडणारे हातही पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतले राहिले. कातडी कमावण्याच्या धोक्यांची चर्चा आज रसायनांपासून सुरू होते. ती या हातांपासून सुरू झाली पाहिजे. त्याशिवाय सुरक्षित पर्याय कोणता, हे ठरवताच येणार नाही.

जुनी रीत नीट पाहू. मेलेल्या जनावराचे कातडे सोलून आणायचे, धुऊन कित्येक दिवस चुन्यात मुरवायचे, केस सैल झाले की ते खरवडायचे, मग आतल्या अंगाचे मांस आणि चरबी तासायची. चुना धुतला की कातडे शिवून त्याची पिशवी करायची, तीत बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा भरून ती टांगायची, आणि खाली झिरपलेले तांबूस पाणी पुन्हा पुन्हा वरून ओतत राहायचे. मुरमाड माळावर आपोआप उगवणाऱ्या तरवडाची सालही या कामी येई. साल आणि हिरडा यांत जड धातूचे विष नाही, म्हणून ही रीत निर्धोक, असे हल्ली मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. पायताण घालणाऱ्यापुरते ते खरे आहे. करणाऱ्याचे काय? चुन्याने बोटांच्या बेचक्या फुटतात, आणि फुटलेल्या कातडीतून काळपुळीचे जंतू आत शिरायला वेळ लागत नाही. रोगाने मेलेल्या जनावराच्या कातड्यात त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे तग धरतात. वाडवडील याच कामात जगले, त्यांना काही झाले नाही, असे कोणी म्हणेल. पण रॉबर्ट कॉखने काळपुळी जंतूमुळे होते हे दाखवून दिले ते १८७६ साली. त्याआधी या मरणांना नेमके कारणच नव्हते, आणि ज्यांची वस्ती गावाबाहेर होती त्यांच्या आजाराची नोंद ठेवणार कोण?

ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमने कातडी कमावण्याचे पेटंट घेतले आणि धंद्याची चाल बदलली. सालीला जिथे आठवडे लागत तिथे फिरत्या ड्रममध्ये एका दिवसात काम होऊ लागले. क्रोमच्या बाजूने बोलणारे सांगतात की कमावताना वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम, कर्करोगकारक ठरले आहे ते षट्संयुजी. मुद्दा बरोबर आहे, पण अपुरा आहे. तयार कातड्यात उष्णतेने आणि काळाच्या ओघात पहिल्याचे दुसरे होऊ शकते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत षट्संयुजी क्रोमियमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. शिवाय नेहमीच्या पद्धतीत बरेचसे क्रोम कातड्यात न मुरता सांडपाण्यात जाते. तमिळनाडूत पालार नदीची त्यातून काय दशा झाली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या वेल्लोर निकालात वाचायला मिळते. केस काढायला चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड आले. त्याच्या पाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि टाकीत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. युरोपची मर्यादा ग्राहकाचे पाय जपते. टाकीत उतरणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

पर्यायांचा शोध आपल्याकडे नवा नाही. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गांधीजींच्या प्रेरणेने सुधारित ग्रामीण पद्धतींचे काम झाले. त्याआधी १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले होते. काम सुधारा आणि काम सोडा, या दोन्ही सांगण्यांत मला आंबेडकरांचे म्हणणे आधीचे वाटते: माणूस जन्माने कुंडाला बांधलेला असेपर्यंत सुधारलेले कुंडही त्याची शिक्षाच असते. मात्र जे हे काम स्वेच्छेने करतात त्यांना सुधारणा आजच हवी. सल्फाइडऐवजी विकरांनी केस सैल करण्याच्या पद्धती १९४८ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने विकसित केल्या आहेत. मांस तासण्याची यंत्रेही आहेत. लहान कारागिराला हे परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच ही सोय एकेकट्याच्या दारात न करता तालुक्याला एक, सामाईक केली पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना. बिदर आणि कलबुर्गी त्यांत नाहीत. तेव्हा या भागासाठी कर्नाटकाच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळाने मानांकनाची वाट न पाहता पहिला पैसा तासणीच्या यंत्रावर, रबरी हातमोज्यांवर आणि कामगारांच्या वार्षिक तपासणीवर खर्च करावा.