भोसले, वामन

(मृत्यू : २६ एप्रिल २०२१). हिंदी चित्रपटांचे नामवंत संकलक. मूळ गाव गोव्यातील पोंबुर्फा, तालुका बारदेश. १९५२ मध्ये ते मुंबईत आले आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दत्ताराम पै यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. ‘किस्मत’ (१९४३) पै यांनीच संकलित केला होता. ‘पाकीजा’ही पुढे त्यांच्याच हातून गेला. गुरू नामी मिळाला, पण स्टुडिओचे दिवस भरत आले होते. हिमांशू राय यांनी १९३४ मध्ये उभारलेली ही कंपनी लवकरच बंद पडली. भोसले मग गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये गेले व तेथे बारा वर्षे सहायक राहिले.

या बारा वर्षांचा माग श्रेयनामावलीत लागत नाही. घडण मात्र तिथलीच. लॅबमधून आलेली पॉझिटिव्ह पाहायची, क्लॅपच्या चौकटीशी ध्वनिपट्टी जुळवायची, कापलेला तुकडा टाकून न देता नोंद करून टांगून ठेवायचा. संकलकाने मागताच तोच तुकडा हातात द्यायचा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. दीड फूट फिल्म सरकली की पडद्यावर एक सेकंद सरला. हा हिशेब सहायकाच्या बोटांत मुरलेला असे.

स्टुडिओचा महिन्याचा पगार संपला आणि संकलकाला निर्मात्यागणिक काम धरावे लागले. भोसल्यांचे नाव झाले ते राज खोसलांच्या ‘दो रास्ते’मुळे (१९६९), त्याची कथा चंद्रकांत काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवरची. गुरुदत्त शिराळी यांच्या जोडीने त्यांनी गुलजारांचे ‘अचानक’, ‘आंधी’, ‘मौसम’ संकलित केले. गाणी नसलेल्या ‘अचानक’मध्ये वर्तमानातून भूतकाळात जाण्याची सारी भिस्त कापावरच होती. सुभाष घईंच्या ‘कर्ज’मध्ये (१९८०) रंगमंचावरचे गाणे आणि ते ऐकताना पांढरी पडत जाणारी खुनी स्त्री यांतला ताणही बराचसा संकलनाच्या टेबलावरचा आहे. अशा जागी वाहवा संगीतकाराची व नटांची होते, हे या धंद्याला नवे नाही.

‘इन्कार’साठी (१९७७) उत्कृष्ट संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि ‘सौदागर’साठी (१९९१) फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दोन्ही वेळा सन्मान शिराळींसह विभागून होता.