मैत्रीचा सण आणि मुलांचा मेळावा

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी 'प्रेम व मैत्री' या विषयावर पाच दिवसांचा मेळावा घ्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळाच्या बैठकीत पुढे आली आणि सर्वांनी ती उचलून धरली. खेळ, गोष्टी, हस्तकला, सहभोजन असा कार्यक्रमही चटकन ठरला. अडले ते एकाच प्रश्नावर : मुले कोणाची घ्यायची? केवळ आपल्या समाजाची, की गल्लीतील सर्वांची? चर्चा लांबली, निर्णय पुढे ढकलला गेला, आणि अशा मेळाव्यांचा पूर्वेतिहास स्मरणिकेसाठी लिहून काढण्याची आज्ञा मला झाली. मी पेशाने कापड व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंत, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरी वडीलधाऱ्यांची आज्ञा शिरोधार्य मानून हे चार शब्द लिहीत आहे.

मैत्रीचा सण आपल्याला बाहेरून आणावा लागत नाही. मकरसंक्रांत हा महाराष्ट्रात गोड बोलण्याचाच सण आहे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत होणारे बोरन्हाण म्हणजे तर मुलांचा अस्सल मेळावा. तान्हुल्याला काळे झबले घालावे, हलव्याचे दागिने चढवावेत, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे ओतावेत, आणि भोवती जमलेल्या पोरांनी ते वेचण्यासाठी झुंबड करावी. (काळ्या कापडाला आमच्या धंद्यात वर्षभर फारसा उठाव नसतो, संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र तागेच्या तागे संपतात.) या झुंबडीसाठी गल्लीतील मुले बोलवावी लागतात, त्याशिवाय बोरन्हाणाला शोभा नाही. पण गल्ली म्हणजे कोठपर्यंत, हे ज्या त्या घराने मनाशी ठरवलेले असते.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. माझा एक शाळासोबती दलित वस्तीतला. दर संक्रांतीला तो वडिलांसोबत आमच्या दुकानी येई, तिळगूळ देई, घेई. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलितांची घरे जाळली गेली. पुढच्या संक्रांतीला तो आला नाही. आम्ही त्याची वाट पाहिली, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याचे घर दुकानापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होते. मी गेलो नाही. त्या वर्षी नाही, त्यापुढेही नाही.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे नेमका संक्रांतीलाच. त्या संध्याकाळी मी तिळगुळाचा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने डबा उघडला, एक वडी हातात घेतली आणि म्हणाला, ''शेठ, पंधरा वर्षांचा तिळगूळ आहे, दाताला झेपेल ना?'' आम्ही दोघेही हसलो. चहा पिता पिता कळले की त्याचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच शाळेत, एकाच इयत्तेत होते; फक्त तुकड्या वेगळ्या. दोघांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. त्याची वडी मी विसरलो असतो, हे मात्र विसरता आले नाही.

मुलांना एकत्र आणण्याचे काम आपोआप होत नाही, ते कोणीतरी योजून करावे लागते, हे महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी ओळखले त्यांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९२४ साली ते अमळनेरला शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचे काम पाहू लागले. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' ते स्वहस्ते लिहीत. १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरल्यावर त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे दक्षिणेकडील भाषा बोलणारे सोबती भेटले, आणि निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांकडे राहावे, या 'आंतरभारती'च्या कल्पनेचे बीज त्यांच्या मनात पडले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, हे सर्वश्रुत आहे. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. पुढल्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. तिला ना इमारत लागे, ना वर्गणी. गोष्ट सांगणारा एक माणूस आणि ऐकणारी मुले जमली की कथामाला भरली. गोष्ट ऐकताना शेजारी कोण बसले आहे, हे मुले विसरतात. मला तर वाटते, गुरुजींच्या गोष्टींइतकेच या शेजारी बसण्याचे मोल आहे.

याच वाटेने पुढे डॉ. एस. एन. सुब्बराव गेले. १९७२ साली चंबळच्या बागी लोकांचे आत्मसमर्पण घडवून आणण्यात ज्यांचा वाटा होता, तेच हे 'भाईजी'. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते देशभर युवकांची व मुलांची शिबिरे घेत राहिले. एकत्र गाणी, एकत्र श्रमदान आणि एकत्र जेवण, एवढीच त्यांची सामग्री.

आपल्या भागाला या साऱ्याचा अर्थ उमगला तो मोठी किंमत मोजून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, ऐन क्षमावाणीच्या तोंडावर, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगामातीच्या घरांखाली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्याचेच सुपुत्र श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. वाघोलीत त्यांच्या निवासाची व शाळेची व्यवस्था उभी राहिली. ती मुले कोणत्या समाजाची, हे कोणी विचारले नव्हते. त्याच संघटनेने २००९ साली 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू केला, तो आपल्याच बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो अन्य जिल्ह्यांत गेला. त्यात उपदेशाचे पाठ नाहीत. मुलांनी जोडीने काम करायचे, गटात बोलायचे, खेळ खेळायचे, आपले नियम आपणच ठरवायचे.

फ्रेंडशिप डे विषयी थोडेसे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली ३० जुलै हा मैत्रीदिन ठरवला. आपल्याकडे मुले तो ऑगस्टच्या पहिल्या रविवारी साजरा करतात. त्यास माझा विरोध नाही. परंतु मनगटावर सर्वांत जास्त फिती कोणाच्या, याची मोजदाद सुरू झाली की एकही फीत न मिळालेले मूल कोपऱ्यात उभे राहते. संवत्सरीच्या छापील क्षमापना पत्रांचेही तेच झाले आहे; ज्याच्याशी भांडण आहे, नेमके त्याचेच नाव यादीत नसते.

आता प्रत्यक्ष मेळाव्याविषयी. गट पाडण्याचे काम मोठ्यांनी करू नये व मुलांवरही सोडू नये, कारण मुले ओळखीच्याच मुलांना धरून बसतात. माझ्या दुकानात कटपीसचा ढीग पडलेला असतो. कापडाचा एकेक तुकडा मधोमध फाडून त्याचे दोन भाग निरनिराळ्या दोन मुलांना द्यावेत. कात्रीने कापू नये, हातानेच फाडावे. फाटलेली किनार ज्याची त्यालाच जुळते. आपला जोडीदार शोधण्यासाठी प्रत्येक मुलाला सभागृहभर फिरावे लागते, अनोळखी मुलापुढे तुकडा धरून विचारावे लागते. पाच दिवस हीच जोडी एकत्र जेवेल, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही तुकडे शिवून त्यांचा एक बटवा करील. शिवणकामासाठी दोन भगिनींनी होकार दिला आहे; कापड माझ्याकडून.

मेळाव्याच्या प्रवेश अर्जाचा मसुदाही माझ्याकडेच सोपवला होता. त्यात नाव, इयत्ता, पत्ता, पालकांचा दूरध्वनी आणि 'आहाराविषयी काही पथ्य असल्यास' एवढेच रकाने मी ठेवले आहेत. 'समाज' हा रकाना घातलेला नाही. मसुदा पुढील बैठकीत विश्वस्तांसमोर येईल. माझ्या त्या शाळासोबत्याला मी अर्जाची एक प्रत दाखवली; त्याची नात यंदा चौथीत आहे.