अमेरिकेत पायलट ट्रेनिंग: एम-१ आणि एफ-१ व्हिसात फरक काय?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी साधारण २०० तासांचं उड्डाण लागतं. हे तास भरण्यासाठी अनेक विद्यार्थी लाखोंचं कर्ज काढून अमेरिकेत जातात. पण उड्डाणाचे तास हवामानावर आणि विमान, प्रशिक्षक मिळण्यावर अवलंबून असतात. व्हिसा मात्र तारखेवर चालतो. म्हणूनच कोणत्या व्हिसावर जायचं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एम-१ व्हिसा म्हणजे काय?

व्यावसायिक प्रशिक्षणासाठीचा हा व्हिसा आहे. निव्वळ उड्डाण शिकवणाऱ्या फ्लाइंग स्कूलसाठी सहसा हाच मिळतो. यावर सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्ष राहता येतं. कोर्स लांबला तर मुदतवाढ मागता येते, पण कमाल मर्यादा तीन वर्षांची. शिकताना नोकरी करता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांनंतर स्कूल बदलायचं असेल तर विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं कारण दाखवावं लागतं.

कोर्सनंतर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, असं जास्तीत जास्त सहा महिने कामाचा अनुभव घेता येतो.

मग एफ-१ वेगळा कसा?

हा कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षणाचा व्हिसा. विमानचालनाची पदवी देणाऱ्या संस्थांसाठी तो मिळतो. शिक्षणानंतर साधारण १२ महिने त्याच क्षेत्रात काम करता येतं. या काळात प्रशिक्षक म्हणून नोकरी करून उड्डाणाचे तास वाढवता येतात. अमेरिकी एअरलाइनच्या लायसन्ससाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे. अमेरिकेत पोहोचल्यावर एम-१ चा एफ-१ करून घेता येत नाही.

नियम इतके कडक का?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात विमानं चालवणाऱ्या दहशतवाद्यांनी अमेरिकेतच उड्डाणाचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातल्या दोघांच्या विद्यार्थी व्हिसाच्या मंजुरीची पत्रं हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये पोहोचली. त्यावरून मोठा गदारोळ झाला. आज व्हिसा मिळाला तरी परदेशी विद्यार्थ्याला उड्डाणाचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी लागते. त्यासाठी बोटांचे ठसेही घेतले जातात. टुरिस्ट व्हिसावर जाऊन असा कोर्स करता येत नाही.

२०२५ मध्ये काय झालं?

मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं. जूनमध्ये प्रक्रिया पुन्हा सुरू झाली, पण एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया प्रोफाइल 'पब्लिक' ठेवायला सांगण्यात आलं. अर्जात गेल्या पाच वर्षांतल्या अकाउंटची माहितीही द्यावी लागते. अकाउंट लपवणं अंगाशी येऊ शकतं.

फी भरण्याआधी काय तपासावं?

• स्कूलला 'आय-२०' हा प्रवेशाचा फॉर्म देण्याची सरकारी मान्यता आहे का, आणि तो एम-१ साठी आहे की एफ-१ साठी?
• आधीच्या विद्यार्थ्यांना कोर्स पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले?
• डीजीसीएची क्लास १ मेडिकल झाली आहे का? परत आल्यावर अमेरिकी लायसन्स भारतात थेट चालत नाही. डीजीसीएच्या परीक्षा देऊन ते बदलून घ्यावं लागतं.
• देशातला पर्याय पाहिला का? महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामती इथेही पायलट ट्रेनिंग मिळतं, आणि तिथे व्हिसाचा प्रश्नच येत नाही.