कापातले इंग्रजी आणि शिकण्याचे वय

दापोलीतल्या एका खासगी इंग्रजी वर्गात मी दोन उन्हाळे शिकवले. चार वाजता तिसरी-चौथीतली मुले, सहा वाजता कृषी विद्यापीठातले विद्यार्थी आणि साडेसातला दिवसभराचे काम आटोपून येणारी मोठी माणसे. या शेवटच्या वर्गात मुरूडकडे पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या एक काकू होत्या. दर आठवड्याला त्या एकच प्रश्न विचारीत, "मॅडम, या वयात जमेल का हो?" त्या वेळी मी त्यांना उत्साहाचे चार शब्द सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर त्यांच्याच गावाच्या इतिहासात होते, हे मला नंतर उमगले. धागा जरा लांबणार आहे.

आरंभ उलट्या बाजूने करावा लागतो. दापोलीच्या परिसरात परकी भाषा शिकणारे पहिले प्रौढ विद्यार्थी इंग्रजी नव्हे, तर मराठी शिकत होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा काढल्या. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर येऊन राहिले. त्यांचे वय तेव्हा चोवीस होते, आणि काही महिन्यांतच ते मराठीत प्रवचन करू लागले. पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दापोली ही लष्करी छावणी. जुनी माणसे गावाला अजूनही 'काप' म्हणतात, ते 'कॅम्प'चे कोकणी रूप. साहेब लोक राहत असल्यामुळे येथे इंग्रजी कानावर पडत असे. पण कानावर पडणे आणि शिकायला मिळणे यांत मोठे अंतर होते. सरकार साधारणतः जिल्ह्याच्या ठिकाणी एक हायस्कूल चालवी, म्हणजे आपल्याकडे रत्नागिरीस. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची वाट मोकळी करून दिली. तालुक्याच्या गावी इंग्रजी यायचे, ते बहुधा मिशनच्या किंवा गावकऱ्यांच्या हातून. दापोलीत ते काम एस. पी. जी. मिशनने केले. त्या मिशनचे पाद्री आल्फ्रेड गॅडने यांचे नाव आजच्या ए. जी. हायस्कुलात टिकून आहे.

या मिशन शाळेतून १८९७ मध्ये मॅट्रिक झालेला एक विद्यार्थी म्हणजे पांडुरंग वामन काणे. वडील दापोलीत वकिली करीत. मुलगा येथून विल्सन कॉलेजात गेला. ज्या पाद्र्याने याच किनाऱ्यावर मराठी गिरवली, त्याच्याच कॉलेजात दापोलीचा मुलगा इंग्रजीतून शिकला, आणि पुढे त्याने धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास इंग्रजीत पाच खंडांत लिहिला. पालगडचे साने गुरुजीही शिकायला दापोलीतच आले होते. काणे आणि साने ही योग्य वयात वर्गात बसलेल्या मुलांची उदाहरणे. माझ्या काकूंना त्यांचा काही उपयोग नाही.

त्यांच्या उपयोगाचा माणूस मुरूडचाच आहे. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. १८७५ मध्ये ते मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तेथे समितीने त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परत पाठवले. पुढच्या वर्षी कोल्हापुरास ते उत्तीर्ण झाले. आज ज्याला आपण इंग्रजीचे शिक्षण म्हणतो, त्याची खरी वाटचाल यानंतरची, म्हणजे वयाच्या अठरा वर्षांनंतरची. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते आणि लग्न होऊन बरीच वर्षे लोटली होती.

आता मुरूडजवळच्या मुर्डी गावी १८७६ मध्ये जन्मलेले त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पाहा. कर्व्यांनी या मुलाला शिक्षणासाठी मुंबईत आपल्या घरी ठेवून घेतले. १८९९ मध्ये परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. वय? तेवीस. ज्या वयात एकाने मॅट्रिक गाठली, त्याच वयात दुसऱ्याने केंब्रिजचा कळस गाठला. यात बुद्धीचाही भाग असेल, पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. परांजप्यांच्या मागे इंग्रजी शिकलेला एक माणूस उभा होता, कर्व्यांच्या मागे कोणी नव्हते. उशिरा शिकलेल्या एकामुळे त्याच्या मागचा दुसरा वेळेवर शिकला.

कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर याहून पुढची. जन्म १८७०, देवरूखचा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, शिक्षणाला आरंभ झाला तो त्यानंतर काही वर्षांनी. आयुष्य आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्यात गेले. १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी जमवावा म्हणून एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. बाईंना व्याकरणाचा वर्ग मिळाला नाही, स्वयंपाकघर मिळाले.

येथवरची उदाहरणे वाचून वय हीच खरी अडचण आणि जिद्द हाच उपाय, असे वाटेल. तसे ते नाही. याच दापोलीत काही मुलांचे वय अगदी योग्य होते, वडील शिकलेले होते, पलटणीतून निवृत्त होऊन पेन्शनवर जगत होते. १८८६ मध्ये निवृत्त होऊन येथे स्थायिक झालेले गोपाळबाबा वळंगकर त्यांच्यापैकीच. १८९० च्या दशकाच्या आरंभी या महार पेन्शनरांनी मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे, म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. दीर्घ वादानंतर हाती आली ती शाळेची पडवी. धडा भिंतीच्या आत, मुले भिंतीच्या बाहेर. पडवीतून मराठीची मुळाक्षरे कशीबशी ऐकू येतील. परकी भाषा चूक करून, कोणी सुधारून, पुन्हा बोलून शिकायची असते. बाहेर बसलेल्या मुलाची चूक सुधारणार कोण?

सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही वर्षे कुटुंबासह दापोलीत होते. लष्करी शाळेत त्यांनी स्वतः मुख्याध्यापकी केलेली. धाकट्या मुलाकडून त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके घरी मुखोद्गत करून घेतली, असे त्या मुलानेच पुढे सांगितले आहे. ही पाठमाला मी आमच्या साडेसातच्या वर्गात वापरून पाहिली. मुलांना ती कंटाळवाणी वाटते. मोठ्यांना मात्र आवडते, कारण ती मराठीचे बोट धरून चालते आणि नियम आधी सांगते. रामजींनी प्रौढांना शोभणारे पुस्तक एका लहान मुलाच्या हाती दिले, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. वर्गात जे मिळण्याची खात्री नव्हती, ते घरीच पुरे करून घेणे भाग होते.

कुटुंब दापोलीहून साताऱ्याला गेले. तेथल्या सरकारी हायस्कुलात या मुलाचे नाव दाखल झाल्याची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. ज्या साताऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी कर्व्यांना लहान दिसतोस म्हणून परत पाठवले, तेच हे सातारा.

काकूंना मी हा धागा पाठवणार आहे, मराठीतच. वळंगकर आणि त्यांच्या 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेविषयी पुढच्या रविवारी स्वतंत्र लिहीन. दापोलीच्या पडवीची हकिकत तेथे सविस्तर येईल.