लाउरी, ऑलिव्हर हाउ
(१८ जुलै १९१० – २९ जून १९९६). अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. जन्म शिकागो येथे. शिकागो विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी. व वैद्यकाची पदवी या दोन्ही त्यांनी १९३७ मध्ये मिळविल्या. हार्वर्ड व न्यूयॉर्क येथील संशोधनानंतर १९४७ मध्ये ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधक्रियाविज्ञानाचे विभागप्रमुख झाले.

प्रथिनमापनाच्या पद्धतीवरील त्यांचा व तीन सहकाऱ्यांचा निबंध १९५१ मध्ये जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अल्कधर्मी विद्रावात तांब्याची प्रथिनातील पेप्टाइड बंधांशी विक्रिया होते. मग फोलिन विक्रियाकारक घातला की निळा रंग येतो. तो जितका गडद, तितके प्रथिन जास्त. टायरोसीन व ट्रिप्टोफेन यांच्या प्रमाणानुसार रंग बदलतो, प्रक्षालकांचाही अडथळा होतो. तरीही स्वस्त व संवेदनशील म्हणून ही पद्धत प्रयोगशाळांत रुळली. २०१४ पर्यंत या निबंधाचे तीन लाखांहून अधिक संदर्भ दिले गेले होते. इतके संदर्भ विज्ञानातील दुसऱ्या कोणत्याही निबंधाला तोवर मिळाले नव्हते. ही संख्या पद्धतीच्या वापराची आहे, कल्पनेच्या खोलीची नव्हे. लाउरींनाही हा निबंध फार थोर वाटत नसे. मात्र त्याच्या लोकप्रियतेची त्यांना गंमत वाटे.

त्यांचे खरे कर्तृत्व सूक्ष्ममापनात आहे. क्वार्ट्झच्या बारीक तंतूचा तराजू वापरून ते ऊतकाचे अतिसूक्ष्म तुकडे तोलत. एंझाइम चक्रांच्या साहाय्याने अत्यल्प द्रव्याची खूण हजारो पटींनी वाढवून त्यांनी एकेका चेतापेशीतील चयापचय मोजता येईल अशी तंत्रे उभी केली. जॅनेट पासोनो यांच्यासह लिहिलेला त्यांचा एंझाइमी विश्लेषणावरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.